आमच्या आवारात बायका पडत असत

विवाह ही परमेश्वराने स्वतःच्या हातांनी स्थापन केलेली पहिली संस्था आहे. मंडळीच्या आधीची, राज्याच्या आधीची, पापाच्याही आधीची. आमचे पाळकसाहेब हे वाक्य प्रत्येक लग्नात म्हणत आणि 'पापाच्याही' या शब्दावर चष्मा काढत. या संस्थेची स्थानिक शाखा पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात होती. कोणाच्या मुलाला कोणाची मुलगी हे तिथे पापड लाटताना ठरे, आणि परमेश्वराला ते पुढच्या रविवारी कळवलं जाई.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मिशनचे गोरे साहेब एकेक करून मायदेशी निघाले होते आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार आमच्याच माणसांकडे आला होता. कारभाराबरोबर काळा झगाही आला. तो खामगावच्या शिंप्याने शिवला होता आणि पाळकसाहेब तो मे महिन्यातही घालत. घाटाखालचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना ही श्रद्धा केवढी ते कळेल. पाच जणांची पंचमंडळी नेमली गेली. तिला उपासनेत पुढच्या बाकावर बसण्याचा अधिकार मिळाला, आणि पाचही जणांनी तो लगेच बजावायला सुरुवात केली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मिशनच्या आवारातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि लग्न न झाल्यामुळे स्त्रीमंडळाच्या प्रार्थनेचा कायमचा विषय होते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. आई ते असल्यापासूनच मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. चाळीस मुलींच्या ज्वारीच्या भाकरी, दोन्ही वेळच्या. त्या नोकरीवर आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. धाकटी बहीण एकोणीस वर्षांची होती, शिवण शिकत होती आणि गायकगटात गात होती.

आमच्या आवारात बायका फार पडत. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. कोणी न्हाणीत पडे, कोणी उंबऱ्याला अडखळे, कोणाला दाराची कडी लागे. कपाळाला खोक, मनगटाला सूज, डोळ्याखाली काळंनिळं. 'काय झालं?' असं विचारलं की उत्तर एकच: 'पडले.' विचारणारीही दुसरं उत्तर मिळेल अशा बेताने विचारत नसे. गावात याला मार म्हणत. गावातली बाई मार खाल्ला की दारात उभी राहून नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. आमच्याकडे तसं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती लोक होतो. आमचे पुरुष दारू पीत नसत, जुगार खेळत नसत, आणि आमच्या बायका पडत.

माझी आई पंचवीस वर्षं पडत होती. बाबा सुवार्तिक होते. सायकलवरून खेडोपाडी उपदेश करत जात, माणसं त्यांच्या पाया पडत. चर्चच्या इमारतीला आम्ही देऊळ म्हणत असू; त्या देवळाच्या भिंतीवर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर 'शांतीचा संदेशवाहक' असं कोरलेलं आहे. घरी मार संपला की बाबा कौटुंबिक प्रार्थना घेत. गाणं आईने निवडायचं असा नियम होता. आई नेहमी पुस्तकातलं सगळ्यांत लहान गाणं निवडायची.

भांडायचं वऱ्हाडीत आणि प्रार्थना करायची पुस्तकी मराठीत, हीही आमची रीत होती. देवाला वऱ्हाडी येत नाही अशी सगळ्यांची समजूत असावी. बाबा 'काऊन वो, तोंड वर करून राह्यली?' असं ओरडत, आणि दहाच मिनिटांनी 'हे कृपाळू पित्या' असं म्हणत. आवाज मात्र तोच.

बहिणीला जो मुलगा सुचवला गेला तो मुलगा नव्हताच, चौतीस वर्षांचा विधुर होता. आवारातल्या दवाखान्यात कंपाउंडर, उपासनेत पेटी वाजवणारा, रविवारच्या शाळेचा प्रमुख. त्याच्या आवाजासाठी शेजारच्या तालुक्यातून बोलावणी येत. त्याची पहिली बायको दीड वर्षापूर्वी वारली. ती तापाने गेली, त्याच्यामुळे नव्हे. हे मी न्यायाने सांगते. पण त्याआधी सहा वर्षं ती पडत होती. माझ्या खोलीची आणि त्यांची भिंत एकच होती; बहीण आईजवळ दुसऱ्या खोलीत झोपे. पडण्याआधी तो काय म्हणायचा तेही मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी तोच तिला दवाखान्यात पट्टी बांधायचा. पट्टी फार सुबक बांधायचा.

एकदा नळावर तिने माझ्यासमोर बादली ठेवली आणि ती उचलता येईना. मी म्हटलं, 'पुन्हा पडलात?' ती म्हणाली, 'हो ना बाई.' तेवढं म्हणून माझ्याकडे पाहत उभी राहिली, जरा जास्त वेळ. मी तिला सांगितलं की न्हाणीत शेवाळ असेल, रबरी चपला घ्या. मी शिकलेली होते, पुस्तकं वाचत होते, आणि मी तिला चपला सुचवल्या. तिने त्या घेतल्याही.

आमच्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत त्याचा पुकारा होई. अमुक वधू, अमुक वर, या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास त्याने ती आत्ताच सांगावी, नाहीतर कायमचं गप्प राहावं. एवढं वाचून पाळकसाहेब एक श्वास घेत आणि गाण्याचा क्रमांक सांगत. त्या एका श्वासात आजवर कोणी काही बोललं नव्हतं. बहिणीचा पहिला पुकारा झाला तेव्हा मीही बोलले नाही. नवरदेव स्वतः पेटीवर होता. त्याने लगेच सूर धरला आणि मी सगळ्यांबरोबर गायले.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी पाळकसाहेबांकडे गेले.

"तो पहिलीला मारायचा," मी म्हटलं.

"तुम्ही पाहिलंत?"

"ऐकलं. भिंत एकच आहे."

"म्हणजे ऐकीव." त्यांनी बोटं एकमेकांत गुंतवली. "ती स्वतः काय म्हणायची?"

"पडले म्हणायची."

"मग?"

ते म्हणाले, "बाई, त्याचा आवाज ऐकलात? असा आवाज देव उगाच देत नसतो." आतून पाळकबाई चिवड्याची बशी घेऊन आल्या. त्यांनी मला आठवण करून दिली की क्वार्टर बोर्डिंगचं, बोर्डिंग मंडळीचं, आणि मंडळी म्हणजे एकच कुटुंब. कुटुंबात कोणी कोणाला बाहेर काढत नाही, असं त्या म्हणाल्या. मी बाहेर काढण्याचा विषय काढलाच नव्हता.

बहिणीला मी अंगणात गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. मी तिला तेच सांगितलं.

"तो मारायचा हे तुले माहीत होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"मंग तवा काऊन नाही बोलली? माह्या वक्तालेच बरी वाचा फुटली!"

"तेव्हा मी तिला चपला घे म्हटलं."

ती हसली आणि मग हसायची थांबली. ओला परकर हातात तसाच. "मले तो आवडला होता, ताई. आवाज किती चांगला हाये त्याचा."

"आहे."

"भिंतीपलीकडून कसा लागते?"

"तसाच. चांगलाच लागतो."

तिने परकर पिळला, पुन्हा पिळला. त्यातून पाणी यायचं केव्हाच थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एकटी पाळकबाईंकडे गेली आणि मला हे लग्न करायचं नाही असं सांगून आली. पाळकबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. प्रत्येक मुलीला असंच वाटतं म्हणाल्या, आणि नवरीच्या बुरख्याची पांढरी जाळी खामगावहून आणली होती ती तिच्या डोक्यावर धरून पाहिली. मुलीच्या 'नाही'ला त्या लाज म्हणत. दुसरा पुकारा ठरल्याप्रमाणे झाला.

तेव्हा मी रजा टाकून एस.टी.ने घाट चढून बुलढाण्याला गेले. शाळेच्या एका खटल्यात ओळख झालेले वकील होते, वयस्कर, तपकीर ओढणारे. त्यांच्याकडे ख्रिस्ती माणूस वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचा, त्यामुळे आमचे कायदे त्यांनी शिडी लावून काढले.

"लग्न झाल्यावर मारहाण झाली तर सुटका होईल का?" मी विचारलं.

"नुसत्या मारहाणीवर नाही." त्यांनी पान उलटलं. "बायकोला घटस्फोट पाहिजे असेल तर मारहाणीच्या जोडीला नवऱ्याचा व्यभिचारही लागतो. जावई कसा आहे?"

"चारित्र्य निर्मळ आहे. फक्त मारतो."

"मग कठीण आहे," ते खरोखर हळहळून म्हणाले. "बरं, मुलगी किती वर्षांची?"

"एकोणीस."

त्यांनी दुसरं पुस्तक काढलं, बोट ओलं करून पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा एखाद्याला जुन्या कोटात नोट सापडावी तसा झाला. आमच्या विवाहाच्या कायद्यात एकवीस पुरी न झालेली मुलगी अज्ञान होती. तिच्या लग्नाला वडिलांची संमती लागे. वडील नसतील आणि कोणी पालक नेमलेला नसेल तर आईची. आईने हरकत घेतली की पाळकाला लग्न लावता येत नाही. हरकतीचं कारण पटवून देण्याची जबाबदारीही तिच्यावर नाही. "तुमच्या हरकतीला शून्य किंमत आहे," वकील आनंदाने म्हणाले. "आईला मात्र नुसतं नाही म्हणायचं आहे."

परतीच्या गाडीत मला या शेवटच्या वाक्याचीच धास्ती वाटत होती. माझ्या आईने आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी घरी पोचले तेव्हा ती बोर्डिंगच्या चुलीपुढे संध्याकाळच्या भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. ती थापत राहिली. परातीत पीठ, पाण्याचा हात, तव्यावर भाकरी, फुंकणी.

"चांगला माणूस हाये म्हनतात," ती म्हणाली.

"आई, बाबापण चांगलेच होते."

हे आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. तिने भाकरी उलटली. ती जळली होती, आणि आईची भाकरी जळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"कायद्यात माहं नाव हाये?" तिने विचारलं.

"नाव नाही. 'आई' एवढंच लिहिलंय."

"मंग ते मीच झाली." तिने जळकी भाकरी बाजूला ठेवली, स्वतःसाठी. "क्वार्टर जाईन."

"जाईल कदाचित."

"तुले किती पगार हाये?"

मी सांगितला. तिने मान हलवली. समाधानाने की निराशेने ते कळलं नाही. मग पुढची भाकरी थापायला घेतली आणि रविवारपर्यंत या विषयावर एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या रविवारी देऊळ भरलेलं होतं. डावीकडे पुरुष बाकांवर, उजवीकडे बायका सतरंजीवर. बहीण माझ्याशेजारी बसली होती; तिचा हात इतका गार होता की मी तो सोडला नाही. पाळकसाहेबांनी झग्याच्या बाह्या सावरल्या आणि पुकारा वाचला. हरकत असल्यास आत्ताच सांगावी. त्यांनी श्वास घेतला.

"मले हरकत हाये," आई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. पदर डोक्यावर, पाय अनवाणी. पाळकसाहेबांनी पुस्तकात पाहिलं. हरकत आली तर पुढे काय वाचायचं ते त्यात कुठे सापडेना.

"बसा बाई, नंतर बोलू."

"नंतर नाही. तुमीच म्हनले का आत्ताच सांगा."

पंचांपैकी एक जण अर्धवट उठले. "हरकतीला कारण लागतं."

"पोरगी एकईस वर्साची नाही. मी तिची माय हाओ. मी नाही म्हनते. कायद्यात लिहेल हाये, पाह्यून घ्या."

"पण कशाबद्दल?" पाळकसाहेब कळवळून म्हणाले. "एवढा सज्जन मनुष्य, एवढी सेवा..."

"याची पहिली बायको पडे."

वराचा एक हात पेटीच्या भात्यावर होता, तो तिथेच राहिला.

"मी बी पडत होती, पाळकसाहेब," आई म्हणाली. पाठ केलेलं नव्हतं ते. शब्द शोधत, थांबत बोलत होती. "पंचवीस वर्स पडली. न्हाणीत पडली, उंबऱ्यात पडली, बसल्या जागी बी पडली. तुमी त्याहीच्या नावाची पाटी लावली. ते गेले, चार वर्स झाले. तवापासून एकदा बी नाही पडली. न्हाणी तीच हाये."

आमच्या देवळात उपासनेच्या वेळी कोणी वऱ्हाडीत बोलल्याची ही पहिलीच वेळ असावी. छताला काही झालं नाही.

सतरंजीवरून, माझ्या मागे कुठेतरी, एक बाई हळूच म्हणाली, "हाव." हो, एवढंच. पुढच्या बाकावरचे पाचही पंच एकदम मागे वळले. कोणाची बायको बोलली ते त्यांना कळेना, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपली नसावी अशी प्रार्थना दिसत होती. मग दुसरीकडून आणखी एक "हाव" आलं.

नवरदेव उभा राहिला. त्याने आवाज लावला, तो खरोखर सुंदर होता. "मी या भगिनीला संपूर्ण अंतःकरणाने क्षमा करतो."

"मागतली कोनं?" आई म्हणाली आणि खाली बसली.

त्याने पेटीचं झाकण लावलं आणि तो बाजूच्या दाराने निघून गेला. गाणं पेटीशिवाय झालं. कोणीतरी ते इतक्या वरच्या सुरात उचललं की दुसऱ्या कडव्याला पुरुष एकेक करून गळाले. शेवटची दोन कडवी बायकांनीच म्हटली. बहीणही गात होती. तिचा हात अजून माझ्याच हातात होता, पण आता तीच तो दाबत होती.

पाळकसाहेबांनी दुसऱ्या दिवशी कायद्याचं पुस्तक मागवलं. त्यात वकिलांनी सांगितलं तेच निघालं. लग्न झालं नाही. वराने मंडळी बदलली. जाताना त्याला उत्तम वर्तनाचा दाखला मिळाला. तो ज्या गावी गेला तिथल्या स्त्रीमंडळाला मी पत्र लिहिलं. भिंतीपलीकडून सहा वर्षं काय ऐकलं ते साध्या शब्दांत लिहिलं, आणि खाली माझी सही केली. उत्तर आलं नाही. मी दुसरं लिहिलं. त्याने आणखी एकदा गाव बदललं तेव्हा तिथेही लिहिलं. माझं अक्षर शिक्षिकेचं आहे; लागलं नाही ही सबब मी कोणालाही ठेवली नाही. त्याचं दुसरं लग्न झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि मी कान उघडे ठेवले होते.

बहीण पुढच्या वर्षी शिक्षिकेच्या शिक्षणासाठी बुलढाण्याला गेली. क्वार्टरही गेलं नाही. आईला काढून टाकायचं पंचांच्या मनात होतं. पण चाळीस मुलींच्या भाकरी दोन्ही वेळ थापायला दुसरी बाई महिनाभर शोधूनही सापडली नाही, आणि मंडळी हे एकच कुटुंब असल्याची पाळकबाईंना पुन्हा आठवण झाली.

आवारात बायका पडायच्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. पण शब्द नासला. त्यानंतर कोणी 'पडले' म्हटलं की ऐकणारी एक क्षण गप्प राही. त्या क्षणात मी आता चपलांबद्दल बोलत नसे. "कोणी पाडलं?" असं विचारत असे. काही जणी उठून जात. काही जणी सांगत.

पंचमंडळीची खास सभा मात्र झाली. आईवर दोन आरोप होते: उपासनेत परवानगीशिवाय बोलणे, आणि एका दिवंगत सेवकाच्या स्मृतीचा अवमान. तीन तास चर्चा झाली, दोनदा प्रार्थना झाली, एकदा चहा झाला. मग आईला आत बोलावून पाळकसाहेबांनी जड आवाजात ठराव वाचला. मंडळीच्या शिस्तीखातर, अत्यंत दुःखाने आणि ख्रिस्ती प्रीतीने, या भगिनीस दोन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. आईने तो उभ्याने ऐकला आणि मान डोलावली.

प्रभुभोजन आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा होई. ते आदल्याच रविवारी होऊन गेलं होतं.